लिओनाच्या कडीचे सात दावे

१

लिओना कार्व्हरला मी पंचवीस वर्षं टपाल देतेय, पण ती माझ्या खिडकीसमोर खाली बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिथे खुर्ची नव्हती. ती सरळ फरशीवर बसली, लोकांच्या बुटांनी आणलेल्या चिखलात, आणि हातातला कागद तिने माझ्यापुढे धरला.

"वाच, अ‍ॅविस."

"लोकांची पत्रं वाचायला मला बंदी आहे. शपथ घेतलीय मी."

"मी वाच म्हणतेय ना!"

मग काय, वाचलं. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवतच होते. मार्च महिना, सकाळचे दहा, मागे टपालाच्या रांगेत सात-आठ माणसं. स्प्रूस नेकमध्ये चावडी म्हणाल तर माझी टपाल कचेरीच. त्यामुळे मी वाचलं ते जरा मोठ्यानेच वाचलं गेलं.

पत्र पेटंट कार्यालयाचं होतं. कुणीतरी वकिलामार्फत, स्वतःचं नाव न सांगता, लिओनाच्या पेटंटची फेरतपासणी मागितली होती, आणि त्या तपासणीत तिचे सातही दावे नाकारले गेले होते. उत्तर द्यायला उरले होते बारा दिवस. कारण काय, तर एक पुस्तक. आमच्याच चर्चच्या बायकांनी काढलेलं पाककृतींचं पुस्तक! त्याची प्रत सोबत जोडली होती. पहिल्या पानावर साल, २००६. माशांच्या पदार्थांच्या सुरुवातीला एक रंगीत फोटो. त्यात आमच्याच गावचा मच्छीमार वर्लन अ‍ॅली आपल्या धक्क्यावर उभा, पुढ्यात शेवंडी पकडायचा पिंजरा, आणि पिंजऱ्याच्या दाराला लख्ख दिसणारी लिओनाची कडी.

लिओनाने पेटंटचा अर्ज केला होता २००८ साली, आणि अर्जाच्या आधीच छापून आलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही.

ही कडी म्हणजे काय ते सांगायला हवं. पिंजऱ्याचं दार पूर्वी दोन हातांनी लावावं लागायचं. जानेवारीत, ओल्या हातमोज्यांत, बोट हेलकावत असताना दोन हात मोकळे कुणाचे असतात? लिओनाच्या नवऱ्याची, एमरीची, हाताची दोन बोटं अशीच दोराने नेली. त्या हिवाळ्यात ती शेडमध्ये तार वाकवत बसली, आणि दोन वर्षांनी एका हाताने लागणारी कडी घेऊन बाहेर आली. एमरी आता नाही. शेड आहे, आणि बोटी बर्फात अडकलेल्या असतात तेव्हा अकरा घरांची चूल त्या शेडवर पेटते.

"दावे गेले म्हणजे नक्की काय गेलं गं?" रांगेतल्या कुणीतरी विचारलं.

"सगळंच गेलं," लिओना फरशीवरूनच म्हणाली. "पेटंटचा जीव दाव्यांत असतो. ते आजपासून नाही जात, पहिल्या दिवसापासून जातात. जणू मी कधी काही केलंच नव्हतं. उद्या कुणीही कडी बनवील. आणि गेल्या वर्षीपासून जो कोण चोरून बनवतोय ना किनाऱ्यावर, त्यालाही हात लावता येणार नाही."

मग मागून एक आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका.

"म्हणजे कडी मुळात वर्लनची होती तर."

लिओनाचा चेहरा पांढराफटक पडला. शेड जाणार म्हटल्यावरही तो इतका पडला नव्हता.

२

आमच्याकडे गुपित उकलायचं म्हटलं तर माणूस एकच, हॉलिस डायर. तीस वर्षं तो या किनाऱ्याचा मासेमारी वॉर्डन होता. खिशात पितळी माप घेऊन बोटीबोटीवर चढायचा आणि शेवंडी मोजायचा. माप एका केसाने कमी भरलं तरी दंड. माझ्या नवऱ्यालाही त्याने तीन शेवंडींसाठी दंड केला होता, आणि त्या रात्री तो माझ्याच घरी जेवायला येणार होता. आला नाही. शहाणा माणूस.

निवृत्त झाल्यापासून त्याला कुणी जेवायला बोलावत नाही. पण त्याची नजर तशीच आहे. दुपारी तो लिओनाच्या शेडमध्ये आला, टोपी न काढता बाकावर बसला.

"तुला बुडवावं असं कुणाला वाटतं?" त्याने विचारलं.

"वर्लनला," लिओना म्हणाली. "मी त्याच्या हद्दीत पिंजरे टाकले होते असं तो पंधरा वर्षं म्हणतोय."

"टाकले होतेस?"

"हो."

"आणखी कोण?"

"डॉर्कस पीबडी. पुस्तक तिनेच काढलं. माशाच्या चाउडरवरून आमचं वाजलं होतं. मी चर्चच्या जेवणात म्हणाले होते की तिच्या चाउडरला चव नाही."

"देवा," मी म्हणाले. चाउडर म्हणजे दूध-बटाट्यातलं माशांचं दाट सूप, आणि त्यावरून आमच्याकडे लग्नं मोडली आहेत.

एवढ्यात दार उघडलं आणि ग्रँट व्हिटलॉक आत आला, हातात डोनटची पिशवी. हमरस्त्यावर, अकरा मैलांवर त्याचं मासेमारीच्या सामानाचं मोठं दुकान आहे. लिओनाच्या कड्या सगळ्यात आधी त्यानेच विकायला ठेवल्या होत्या. बोलायला गोड, मदतीला तयार. गेल्या वर्षीपासून मात्र धंदा मंद आहे म्हणून तो कड्या कमी घेत होता.

"ऐकलं मी. वाईट वाटलं गं," तो म्हणाला. "पण लिओना, तू हट्टी आहेस म्हणून सांगतो, भांडत बसू नकोस. दाव्यात एखादा शब्द घाल, थोडं आवळून घे, कार्यालय मान्य करतं. पेटंटही राहील, शेडही राहील."

"आवळायचं कशाला? माझी आहे ती."

"अगं, अख्खी भाकरी जाण्यापेक्षा अर्धी बरी." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं, डोनट ठेवले आणि गेला.

हॉलिसचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो फोटो नाकाशी धरून बसला होता. कडीकडे नाही, तो वर्लनच्या मागे बघत होता. मग तो हसायला लागला. तीस वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं त्याला ठसका लागला.

"फोटो खरा आहे," तो म्हणाला. "साल खोटं आहे. आणि ते मी शपथेवर सांगू शकतो."

३

वर्लन आपल्या धक्क्यावर पिंजरे दुरुस्त करत होता. आम्हाला बघून त्याने मान वर केली नाही.

"वॉर्डनसाहेब! माझे पिंजरे अजून जमिनीवर आहेत. यात शेवंड सापडली तर चमत्कारच समजा."

"एवढंच सांग, कडी तुझी आहे का?"

"मी कुठे म्हणालो माझी आहे म्हणून?"

"लोक म्हणतायत."

"लोक म्हणतात, मी ऐकतो. ऐकायला गोड लागतं." त्याने तार कचकन तोडली. "त्या बाईने माझ्या हद्दीत पिंजरे टाकले तेव्हा कोण आलं होतं माझ्या बाजूने बोलायला?"

मला इतका राग आला की मी त्याला टपाल चुकवून द्यायची धमकीच दिली. हॉलिसने मला मागे सारलं आणि फोटो पुढे केला.

"मागे ही बोट कुणाची?"

"माझी. नाव वाचता येतं ना?"

"आणि तिच्या टपावर बोया टांगलाय. लाल, मध्ये पांढरा पट्टा. हे रंग कुणाचे?"

वर्लन बोलायला गेला आणि थांबला.

आमच्याकडे रंग घराण्याचे असतात. पाण्यातला पिंजरा कुणाचा ते वर तरंगणाऱ्या बोयाच्या रंगावरून कळतं, आणि आपला बोया बोटीवर दिसेल असा टांगायचा हा कायदाच आहे. बाप समुद्रावर जातो तोवर मुलगा स्वतःचे वेगळे रंग लावतो. बाप गेला की थोरल्या मुलाने बापाचे रंग घ्यायचे. तो कायदा नाही, पण कायदा मोडणारे आमच्यात पुष्कळ आहेत, हा रिवाज मोडणारा एकही नाही.

"लाल-पांढरे तुझ्या वडिलांचे," हॉलिस म्हणाला. "थर्लो गेला २०१०च्या जानेवारीत. मी खांदा दिला होता. तोवर तू पिवळा-हिरवा लावायचास. २००६ साली तुझ्या बोटीवर लाल-पांढरा बोया दिसला असता तर मी तुला जागेवर दंड केला असता. केला होता का?"

"नाही," वर्लन म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

"म्हणजे फोटो २०१०नंतरचा. अर्जाच्या दोन वर्षं नंतरचा. मग ही कडी कुठून आली तुझ्याकडे?"

वर्लनने आमच्याकडे पाठ फिरवली. "मी काही लिहून देणार नाही. जा तुम्ही."

परतताना मी उड्या मारत होते. जिंकलोच की आपण! हॉलिसने मात्र मान हलवली.

"अ‍ॅविस, परीक्षक म्हणेल की रंगांचं तुम्ही सांगता, पण पुस्तकावर २००६ छापलंय. छापील शब्दापुढे बोयाचं कोण ऐकणार? २०१०नंतरचा फोटो २००६च्या पुस्तकात शिरला कसा, ते सांगावं लागेल."

४

डॉर्कस पीबडी ऐंशीची आहे, कानांनी अधू आणि जिभेने तल्लख. तिने आम्हाला दारातच उभं केलं.

"लिओनाने पाठवलं असेल तर माझ्या चाउडरची माफी मागायला सांगा तिला."

"डॉर्कस, पुस्तक कधी काढलंत?" हॉलिस ओरडला.

"ओरडू नकोस. २००६ला. आणि संपलं म्हणून परत २०११ला."

मी पुढे सरकले. "मग दुसऱ्या खेपेवर २०११ का नाही छापलं?"

डॉर्कसने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिवी दिली.

"कारण पहिल्या खेपेला छापखान्याने पहिलं पान दोनशे जास्त छापलं होतं. चांगला जाड कागद. ते काय फेकून द्यायचे? आतली पानं नवी छापली, फोटो नवे घातले, आणि वरती ते जुनं पान लावलं. प्लॅस्टिकच्या कंगव्यासारखी बांधणी असते, कुठलंही पान काढा, कुठलंही घाला. एक दमडी वाया गेली नाही."

काय बोलणार! अख्ख्या देशात हा घोटाळा फक्त आमच्याच बायका करू शकतात. आमच्याकडे शिल्लक दोरा फेकणाऱ्या बाईला सून म्हणून कुणी घेत नाही.

"म्हणजे कुणीतरी चुकून, भाबडेपणाने हे पुस्तक पाठवलं असेल," मी म्हणाले.

"असेलही," हॉलिस म्हणाला. त्याने कार्यालयाकडून आलेली प्रत डॉर्कसपुढे ठेवली. "तुमची प्रत आणा. पान अन् पान ताडून बघू."

डॉर्कसने चष्मा लावला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन्ही पुस्तकं शेजारी उघडली. दुसऱ्याच पानाला तिचा हात थांबला.

"हे काय? थर्लोचं पान कुठाय?"

तिच्या पुस्तकात पहिल्या पानामागे एक पान होतं. 'थर्लो अ‍ॅली यांच्या स्मरणार्थ, निधन जानेवारी २०१०.' कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीत ते पानच नव्हतं.

"चूक नाही," हॉलिस म्हणाला. "भाबडा माणूस पान काढत नाही. हे पान ज्याने काढलं त्याला खरं साल पक्कं माहीत होतं."

"आणि हे बघ!" डॉर्कस आता तापली होती. "माझं चाउडर! यात खारवलेलं डुकराचं मांसच नाही! छापताना ती ओळ सुटली होती. मी एकेका पुस्तकात माझ्या हाताने लिहिली. एकेका! हातात गोळे आले होते. आणि यात लिहिलेलंच नाही!"

"एकही पुस्तक सुटलं नाही?"

डॉर्कस विचारात पडली. चूल फुरफुरत होती.

"तीन सुटली," ती म्हणाली. "जाहिराती दिलेल्यांना पहिल्या दिवशीच फुकट पाठवली होती ती. चूक नंतर लक्षात आली."

"कोण तिघं?"

"अंत्यविधीवाले, व्हिटलॉकचं दुकान, आणि..." ती घुटमळली. "लिओना कार्व्हर."

५

मी हॉलिसच्या गाडीत बसल्या बसल्या बडबडत होते. लिओना स्वतः? स्वतःचं पेटंट स्वतः बुडवायला? शक्यच नाही! पण हॉलिसने गाडी सरळ तिच्या शेडकडे घेतली, आणि मला त्या दहा मिनिटांत जगातल्या सगळ्या बायांवर संशय यायला लागला.

लिओनाने एका शब्दाने न विचारता पुस्तक आणून दिलं. थर्लोचं पान जागच्या जागी. चाउडरमध्ये मांसाची ओळ नाही.

"म्हणून चव नव्हती त्याला!" लिओना म्हणाली. "मी यातलं बघून केलं होतं एकदा."

अंत्यविधीवाल्यांचं पुस्तक त्यांच्या बैठकीत, शोक करणाऱ्यांच्या टेबलावर पडलेलं असतं. त्यातही सगळी पानं होती. मी जाऊन पाहिलं आणि ते मागून आणलं. येताना त्यांनी मला दोनदा विचारलं, कुणी गेलंय का म्हणून.

"मग राहिला ग्रँट," मी म्हणाले. "पण हॉलिस, ग्रँट? तो तर डोनट घेऊन आला होता. आणि तो म्हणत होता पेटंट वाचव. पेटंट बुडवायला निघालेला माणूस वाचव कशाला म्हणेल?"

"तेच मला खातंय," हॉलिस म्हणाला. "लिओना, तुझ्या वकिलाला फोन लाव."

पोर्टलंडचा वकील फोनवर घाईत होता. रंग, पान, चाउडर सगळं ऐकून तो म्हणाला, की पुरावा चांगला आहे, शपथपत्रं पाठवा, पण खात्री हवी असेल तर पहिला दावा थोडा आवळलेला बरा.

"आवळला तर काय जातं?" हॉलिसने विचारलं.

"जुनं जातं. दावा बदलला, की बदलाच्या आधी कुणी जे बनवून ठेवलं असेल ते त्याचं. त्याने ते निवांत विकावं. पुढचं मात्र आपलं."

हॉलिसने फोन ठेवला. मग त्याने शेडच्या बाकावर तीन कड्या ओळीत मांडल्या. त्याचे डोळे असे चमकत होते की मला तो पंचविशीतला वॉर्डन आठवला.

"बघा. पहिली. दावे जसेच्या तसे टिकले, तर चोरून कड्या बनवणारा मेला. दुसरी. दावे मेले, तर कुणीही बनवील. मोठे कारखाने स्वस्तात ढीग ओततील, आणि चोराच्या मालाला कुत्रं विचारणार नाही. तिसरी." त्याने शेवटच्या कडीवर बोट ठेवलं. "दावा आवळला, तर बाकी सगळ्यांना बंदी, लिओनाला पुढचं सगळं, आणि ज्याच्याकडे आधीच कोठार भरून माल पडलाय, तो एकटा राजा. वर्लनला सूड हवा असेल तर त्याला दुसरी पुरे होती. डॉर्कसलाही. तिसरी फक्त एकालाच हवी."

"त्याला पेटंट मारायचं नव्हतं," लिओना सावकाश म्हणाली. "लंगडं करायचं होतं."

"पण हे कोर्टात नाही चालणार. त्याचं पुस्तक मागायला गेलो तर तो ते चुलीत घालील." हॉलिस माझ्याकडे वळला. "अ‍ॅविस, लोकांची पत्रं न वाचायची तू शपथ घेतलीयस. अफवा न पसरवायची घेतलीयस का?"

"कधीच नाही," मी म्हणाले. इतकं मनापासून मी चर्चमध्येही कधी बोलले नव्हते.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी खिडकी उघडली आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला, अगदी खासगीत, सांगितलं की लिओना खचली आहे. ती उत्तरच देणार नाही. दावे मरू देणार आहे, सगळेच्या सगळे. कुणाला सांगू नका.

मग आम्ही शेडमध्ये जाऊन बसलो. मी कचेरीच्या दाराला 'अर्ध्या तासात येते' अशी पाटी लावली होती. नोकरीत पहिल्यांदा.

सव्वादहाला डॉर्कस आली, काठी टेकत, चाउडरचं भांडं घेऊन. "यात मांस आहे," एवढंच म्हणाली आणि चुलीजवळ बसून राहिली. तिला काही ठाऊक नव्हतं, ती फक्त आली होती. लिओनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

वर्लन आला नाही. त्याची गाडी शेडसमोरून हळू गेली, परत हळू गेली, आणि थांबली नाही.

साडेदहाला बाहेर ब्रेक करकरले. अकरा मैलांचा चिखलाचा रस्ता, त्यात धुकं. ग्रँट व्हिटलॉक आत घुसला तो टोपी नाही, कोट नाही, घरातल्या सपाता पायात.

"लिओना! वेडी झालीस का? मरू देऊ नकोस ते!"

"दमले मी, ग्रँट."

"अगं पण दुरुस्ती करायला काय लागतं? एक ओळ!" त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मी लिहून आणलंय. 'गुंडाळलेल्या स्प्रिंगसह' एवढं घाल फक्त. सही कर, मी स्वतः वकिलाकडे नेतो. आज!"

"माझं पेटंट मेलं तर तुझं काय जातं?" लिओनाने विचारलं.

"माझं? माझं काय... मैत्रीण म्हणून..."

हॉलिस कोपऱ्यातून उठला. ग्रँटला तो तोवर दिसलाच नव्हता.

"ग्रँट, चर्चच्या बायकांनी तुला २०११ साली एक पुस्तक पाठवलं होतं. चाउडरमध्ये मांस नसलेलं. तशी तीनच आहेत. दोन या बाकावर आहेत, ही बघ. तिसरं घेऊन ये. आम्ही बसतो इथे, चाउडर खातो. फक्त थर्लोच्या पानासकट आण."

ग्रँटने दाराकडे पाहिलं. दारात डॉर्कस काठी आडवी धरून उभी होती. ती कधी उठली मला कळलंच नाही.

"ते... कुठेतरी गेलं. आवराआवरीत."

"कोठारात किती आहेत?" लिओनाने विचारलं. ती ओरडली नाही. मला वाटतं, ती ओरडली असती तर तो खोटं बोलला असता.

तो कड्या ठेवायच्या खोक्यावर बसला. "चाळीस हजार," तो म्हणाला. "बाहेरून करून आणल्या. सगळं घर त्यात घातलंय मी. मग तू वर्तमानपत्रात नोटीस दिलीस, की चोराला शोधणार म्हणून. लिओना, मी तुला बुडवत नव्हतो. फक्त थोडं लहान करत होतो."

"लहान?" लिओनाचा आवाज तेव्हा चढला. "गाव मला चोर म्हणायला लागलं! मी एमरीच्या हाताकडे बघून बनवलेली वस्तू दुसऱ्याची म्हणून दाखवलीस, आणि वर डोनट घेऊन आलास! पेटंट आवळ म्हणतोस. माझं नाव किती आवळायचं ठरवलं होतंस?"

हॉलिसने ग्रँटच्या बोटांतून तो कागद अलगद काढून घेतला, घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवला, आणि दंडाची पावती देताना बोलायचा त्याच कोरड्या आवाजात म्हणाला, "सगळं लिहून दे. आज."

त्याने दिलं. डॉर्कसने आपलं शपथपत्र दिलं, त्यात चाउडरची पूर्ण कृती घातली. वकिलाने ती काढायला सांगितली, पण तिने काढली नाही. हॉलिसने रंगांचं दिलं. मुदतीला सहा दिवस उरले असताना ते सगळं मी माझ्या हाताने नोंदणीकृत टपालाने पाठवलं, आणि लिफाफ्यावर शिक्का इतक्या जोरात मारला की टेबल हललं. लिओनाने दाव्यातला एक शब्दही बदलला नाही. वकील शेवटपर्यंत म्हणत होता, थोडं तरी आवळू या. ती म्हणाली, "एकतर आहे ती सगळी माझी, नाहीतर काहीच नको."

७

पत्र आलं ऑक्टोबरमध्ये. लिफाफा मला सकाळीच पोत्यात दिसला, आणि शपथ आडवी आली नसती तर मी काय केलं असतं ते सांगत नाही. मी फक्त फोन करून तिला बोलावलं. फोन करताना जरा मोठ्याने बोलले असेन, कारण ती पोचली तोवर अर्धं गाव टपाल घ्यायला आलं होतं. नाताळचं टपालही कधी एवढ्यांना हवं नसतं.

लिओनाने सही केली. लिफाफा फाडला. तो वेडावाकडा फाटला. तिने वाचलं, परत वाचलं, मग माझ्याकडे दिलं.

"सातही," मी वाचलं, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. "सातही दावे मूळ रूपात, कोणताही बदल न करता, कायम!"

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! शेडमधल्या अकरांपैकी नऊ तिथे होते, त्यांनी एकमेकांना उचललं. हॉलिसला मिठी मारायला कुणीतरी धावलं आणि ऐन वेळी धीर न झाल्याने हात मिळवून परतलं. बदल नाही म्हणजे जुनंही तिचंच होतं. ग्रँटचं चाळीस हजारांचं कोठार आता त्याला विकता येणार नव्हतं. तो मालही लिओनाच्या हुकमाखाली आला. तिने आधीच सांगून ठेवलं होतं की तार वितळवायला चांगली आहे.

पण लिओना हसत नव्हती. ती गर्दीत कुणाला तरी शोधत होती, आणि मला एकदम कळलं. कागदाने तिला कडी परत दिली होती. नाव कागदाने येत नाही. सात महिने या गावात लोक तिच्यासमोर गप्प व्हायचे, आणि ती गेल्यावर बोलायचे. कार्यालयाचा शिक्का कितीही मोठा असला तरी तो त्यांच्या तोंडावर थोडाच मारता येतो?

गर्दी बाजूला झाली. दाराशी वर्लन उभा होता. तो टपाल घ्यायला आला नव्हता, त्याचं टपाल मी आदल्या दिवशीच दिलं होतं. त्याने टोपी काढली. वर्लनला टोपीशिवाय मी त्याच्या बापाच्या दफनानंतर पाहिलंच नव्हतं, कपाळ वरच्या बाजूला पांढरंफेक होतं.

"ती कडी," तो फरशीकडे बघत म्हणाला, "मी लिओनाकडून विकत घेतली होती. बाबा गेल्यावर. सगळ्या पिंजऱ्यांना बसवली. चांगली आहे. ती माझी कधीच नव्हती."

लिओना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की त्याला तिच्याकडे बघावंच लागलं.

"परत म्हण, वर्लन," ती म्हणाली. "डॉर्कस मागे उभी आहे, तिला ऐकू आलं नाही."

वर्लनने मान वर केली, छाती भरून श्वास घेतला, आणि धक्क्यावरून समुद्रातल्या बोटीला हाक मारावी तशा आवाजात तेच सगळं पुन्हा म्हटलं.